मास्तरचं रक्त

मास्तरला मारायचं की नाही, हा प्रश्न नंतर उठला. आधी तांबडी मेली.

तांबडी

भिंतीला कपाळ लावून उभी होती. नुसतं लावून नव्हे, भिंत पलीकडे सरकवायची आहे आणि ते काम आजच उरकायचं आहे, अशा जोराने रेटून. दाणा तसाच पडलेला. मधूनच ती जांभई द्यायची, सगळे दात दाखवणारी मोठी जांभई, की पुन्हा भिंतीला भिडायची.

आत्या तिच्या मानेवर हात ठेवून बघत राहिली. पागेतले सगळे तिला आत्याच म्हणत. तिची भाची या पागेत लहानाची मोठी झाली, आणि तिचं ऐकून मोतद्दारांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. भाची आता जनावरांची डॉक्टर होती. पण तिचीही तीच गत: पदवी भिंतीवर आणि हाक अजून ‘चिमणी’.

चिमणीने तांबडीचा ओठ वर केला. हिरड्या पिकल्या लिंबासारख्या पिवळ्या. डोळ्यातलं पांढरंही पिवळं. खाली पेंढ्यावर मुताचा डाग पडला होता, तो उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा.

“लिव्हर गेलंय हिचं,” चिमणी म्हणाली.

तिने सलाईन लावलं, शांत राहण्याचं इंजेक्शन दिलं, जे जे करता येतं ते केलं. दुसऱ्या दिवशी तांबडीला दिसेनासं झालं. ती गोल गोल फिरायला लागली, खांबाला धडकली तरी फिरत राहिली, आणि दुपारी बसली ती उठलीच नाही. तिचं शिंगरू चांगलं उड्या मारायच्या वयाचं होतं. ते दाराच्या फटीतून आईची शेपटी ओढत होतं.

आत्या उठली, हात धुतले, आणि म्हणाली, “गवतवाल्याला बोलवा.”

गवतवाल्याचा

या पागेतला हा तिसरा नंबर. पहिला गवतवाला आत्याच्या वडिलांनी हाकलला होता, दुसरा तिने स्वतः. दर काही वर्षांनी एखादं धडधाकट जनावर पिवळं पडायचं, वेड्यासारखं करायचं आणि मरायचं, आणि दर वेळी खापर गवतावर फुटायचं. बुरशी असेल. विषारी पाला मिसळला असेल. मग नवा गवतवाला यायचा, त्याचं गवत वर्षानुवर्षं गोड लागायचं, आणि मग पुन्हा एक दिवस कोणाच्या तरी हिरड्या पिवळ्या दिसायच्या.

हा तिसरा मात्र ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. त्याने गाडीतून एक पेंढी काढली, आत्यासमोर उलगडली, आणि म्हणाला की यातली कुठलीही काडी उचला, मी खाऊन दाखवतो. आत्याने खरंच एक उचलून दिली. त्याने ती खरंच खाल्ली. चावत चावत त्याने विचारलं की गवत वाईट होतं तर एकटी तांबडीच कशी मेली, बाकीचे काय उपास करत होते?

आत्याने त्याला गेट दाखवलं. पण त्याचा प्रश्न गेटबाहेर गेला नाही. तो चिमणीच्या डोक्यात शिरला. संध्याकाळी खरारा करता करता तिने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, तांबडी व्याली तेव्हा तिला पिशवी दिली होती ना?

आत्या म्हणाली, हा काय प्रश्न झाला? पिशवी सगळ्यांनाच देतात.

पिशवी

अशी भरायची. मास्तरला सकाळच्या उन्हात बांधायचं. बांधायचं म्हणजे दोर नुसता खांबावर टाकायचा, कारण तो हलत नाही. मानेवरचे केस कातरायचे, जागा पुसायची, अंगठ्याने शीर दाबायची, ती फुगली की सुई घालायची. सुई घालताना बोलत राहायचं. काय बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. वडील त्यांच्या घोड्याला हवामान सांगायचे, आत्या मास्तरला धाकट्या भावाच्या चहाड्या सांगते. रक्त उतरलं की पिशव्या कोठीघरात गार जागी टांगून ठेवायच्या. लाल सगळं तळाशी बसतं. वर राहतं ते पिवळं पाणी, स्वच्छ, पलीकडची खिडकी दिसेल इतकं. ते दुसऱ्या पिशवीत काढून घ्यायचं आणि स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये, वाटाण्यांच्या पाकिटांशेजारी ठेवायचं. याला मास्तरचं पाणी म्हणायचं.

शिंगरू जन्मलं, पिशवी. अवघड बाळंतपण झालं, पिशवी. तारेने पाय कापला, पिशवी. मास्तरला धनुर्वाताच्या लसी पुन्हा पुन्हा टोचलेल्या, म्हणजे त्याच्या पाण्यात ती ताकद असणारच. शेजारच्या पागेतून निरोप आला तर तिथेही पिशवी, आणि बदल्यात काही मागायचं नाही, कारण वडिलांनी कधी मागितलं नाही.

पाणी कोणत्या घोड्याचं घ्यायचं? जो जन्मात आजारी पडला नाही त्याचं. एवढी एकच अट. मास्तर ती अट डोळे मिटून पूर्ण करायचा: उंच, राखाडी, खच्ची केलेला, शिंगरांना शिस्त लावणारा, एकदा शिंकला असेल तर शप्पथ.

चूक होती ती इथेच. पण तिला चूक म्हणायला कोणाला कधी कारण मिळालं नाही. चिमणीलासुद्धा नाही. ती कॉलेजात जायच्या आधीच मास्तरच्या मानेवर सुई घालायला शिकली होती, आणि तिथे आमच्या घरी असं करतात म्हणून फुशारकीही मारली होती.

कर्नलच्या

पागेतून निरोप आला तेव्हा आत्या नाल ठोकून घेत होती. कर्नल म्हणजे रस्त्याच्या टोकाला पागा असलेला शेजारी. तो सैन्यात कधीच नव्हता. चालताना पाठीत काठी घातल्यासारखा चालायचा, म्हणून कर्नल. त्याचा तरणा घोडा मेला होता. पिवळा पडून, भिंतीला कपाळ लावून. काही आठवड्यांपूर्वी त्या घोड्याचा पाय तारेत अडकला होता, आणि आत्याने स्वतः चालत जाऊन पिशवी दिली होती. गवत दोन्ही पागांचं वेगळं. विहिरीचं पाणीही वेगळं. दोन्हीकडे गेलेलं एकच होतं.

चिमणीनेही तोच हिशेब केला. तिने मास्तरचं रक्त काढलं, या वेळी अगदी थोडं, बारक्या नळीत, आणि प्रयोगशाळेत पाठवून दिलं.

धाकटा म्हणाला, कशाला विकतचं दुखणं घेतेस?

आत्याने मात्र अडवलं नाही. ती म्हणाली, पाठव. ज्याच्या रक्तावर अर्धी गल्ली जगली, त्याच्या रक्तात काय निघणार आहे? निकाल आला की तो मोठा करून गेटवर लावीन आणि कर्नलला मुद्दाम वाचायला बोलावीन.

चीक

सगळा वाया गेला होता. करडी घोडी व्यायच्या आधीच तिच्या सडांतून तो दिवसभर ठिबकत राहिला, आणि शिंगरू बाहेर येऊन लटपटत उभं राहिलं तेव्हा कासेत नुसतं पांढरं पाणी उरलं होतं. पहिला चीक मिळाला नाही तर शिंगराच्या अंगात रोगाशी लढायला काहीच नसतं. बाहेरून धट्टंकट्टं दिसतं आणि पहिल्याच जंतूने आडवं होतं. अशाच वेळेसाठी तर मास्तरचं पाणी होतं. आत्याने फ्रीजरमधून पिशवी काढली आणि कोमट पाण्याच्या बादलीत सोडली.

चिमणीचा फोन वाजला तो तेव्हाच. तिने ऐकलं, हं, हं, असं दोनदा म्हटलं, आणि फोन खिशात ठेवून बादलीसमोर येऊन उभी राहिली.

“आत्या, ती पिशवी देऊ नकोस.”

आत्याला कळलं. तरी ती म्हणाली, “का?”

मग चिमणीने सांगितलं, बादलीकडे बघत, भराभर. विषाणू आहे. घोड्याच्या लिव्हरमध्ये जाऊन बसतो. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही, आयुष्यभर पत्ता लागत नाही. एखाद्याचं लिव्हर मात्र तो पार संपवतो, आणि तेही लगेच नाही, आत गेल्यावर काही आठवड्यांनी. त्यामुळे कोणाला आठवतच नाही की मधे काय टोचलं होतं. मास्तरच्या रक्तात तो आहे. बहुधा कित्येक वर्षं असेल, आणि आजोबांच्या घोड्यातही असणार.

आत्या म्हणाली की यंत्रं चुकतात. म्हणाली की आजवर इतक्या शिंगरांना दिलं, ती काय मेली? म्हणाली की माझे वडील मूर्ख होते का? प्रत्येक वाक्याला आवाज चढत गेला. चिमणी हलली नाही. लहानपणी ती हट्टाला पेटली की अशीच उभी राहायची, पाय फाकवून, हनुवटी छातीशी, आणि तेव्हा आत्याच तिला उचलून बाजूला ठेवायची.

“मला बाजूला कर आणि दे,” चिमणी म्हणाली. “पण मग आपल्या हाताने दे. आणि ही घोडी, हे शिंगरू, कोणीही पुढे पिवळं पडलं तर गवतवाल्याला बोलावू नकोस.”

करडीचं शिंगरू पाय पसरून उभं होतं. त्याने आईची कास शोधली, ती सोडून चुकून आत्याची कोपराकडची बाही तोंडात धरली, आणि चोखायला लागलं.

आत्याने बाही सोडवून घेतली नाही. दुसऱ्या हाताने बादलीतली पिशवी काढली आणि चिमणीच्या हातात दिली.

“मग याला काय पाजू ते सांग.”

चिमणी म्हणाली, चीकच हवा. गोठवून ठेवलेला चालेल. तो या गल्लीत एकाच फ्रीजरमध्ये असतो.

आत्याने डोळे मिटले. “कर्नल,” ती म्हणाली.

दारात

कर्नल स्वतः उभा होता. आत्याने लपवाछपवी केली नाही. तुमचा घोडा माझ्या पिशवीने मेला, मास्तरच्या रक्तात विषाणू सापडलाय, हे आधी सांगितलं. मग म्हणाली, शिंगराला चीक पाहिजे. या क्रमाने बोलायची काही गरज नव्हती, असं चिमणी नंतर म्हणाली. चीक आधी मागता आला असता.

कर्नल आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात बर्फासारख्या कडक दोन बाटल्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या.

“घ्या,” तो म्हणाला. “आणि त्या घोड्याला गोळी घाला. नाहीतर मी पागावाल्यांच्या संघटनेच्या लोकांना घेऊन येतो, मग ते घालतील.”

आत्याने बाटल्या घेतल्या.

“काय ते बोला, आत्याबाई.”

“बाटल्या धुऊन परत पाठवते,” आत्या म्हणाली, आणि निघाली. चीक घेतला, शब्द दिला नाही.

त्या दिवशी शिंगराचं पोट भरलं. मग आत्याने फ्रीजर उघडलं. एकेक पिशवी काढून ओट्यावर ठेवली, कात्री घेतली, आणि कोपरा कापून कापून सगळ्या मोरीत ओतल्या. काही वितळल्या नव्हत्या. त्यांचे पिवळे गोळे जाळीवर बसून राहिले. त्यांच्यावर ती किटलीने कढत पाणी सोडत होती. धाकटा मदतीला आला तर त्याला तिने हाताने बाहेर केलं. दुसऱ्या दिवशी ती एकेका पागेत गेली. जिथे जिथे पिशवी दिली होती तिथे तिथे गेटवर उभी राहून तेच सांगितलं, तांबडीपासून मास्तरपर्यंत. काहींनी तिला प्यायला पाणी विचारलं. काहींनी कुत्री सोडली नाहीत एवढंच. सगळ्यात शेवटी ती गवतवाल्याकडे गेली. त्याने ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की मग त्या आधीच्या दोघांना कोण सांगणार?

त्यांनाही तिनेच सांगितलं. त्यातला एक वारला होता. त्याच्या मुलाला सांगितलं.

लोक

आले. दिवसाढवळ्या, रिंगणात, जिथे शिंगरांना गोल फिरवतात तिथे. कर्नल पुढे, मागे संघटनेचे बाकीचे, कुंपणाला रेलून. गवतवालाही आला होता. तो म्हणाला, इतकी वर्षं आमच्यावर खटला चालला, निकाल ऐकायला येऊ नको का?

धाकटा आत्याला कालपासून समजावत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. लोक घोड्या परत न्यायला लागले होते. शिकायला येणारी मुलं येईनाशी झाली होती. एका म्हाताऱ्या खच्ची घोड्यापायी सगळी पागा बुडवायची का? ताई, तो तसाही किती वर्षं जगणार? आत्याने त्याला एवढंच म्हटलं होतं की हाच हिशेब उद्या तुला लावला तर?

आता तो तिच्या शेजारी उभा होता, पण अर्धं पाऊल मागे.

कर्नल मुद्द्याचं बोलला. रोगट घोडा गल्लीत नको. आज पिशव्या थांबल्या, उद्या एकाच हौदावर पाणी पिऊन पसरला तर? चिमणीने मधे सांगितलं की हौद, बादल्या, सुया, लगाम सगळं त्याचं वेगळं केलंय, त्याला बांधायला वेगळं ठाण दिलंय, रक्त यापुढे कधीच कोणाला नाही. असं ठेवलं तर ठेवता येतं. कर्नल म्हणाला, तू कालपर्यंत त्याच घोड्याचं पाणी टोचत होतीस ना, पोरी? चिमणीचा चेहरा उतरला.

“तिला बोलू नका,” आत्या म्हणाली. “सुई तिने घातली असेल, रीत माझी होती. माझ्या बापाची, आणि माझी. मास्तर उठून कोणाच्या दारात गेला नव्हता पिशवी घेऊन. मी गेले होते. तुम्हीही हात पुढे केले होते, पण ते असू दे. त्याने काय केलं? मान पुढे केली, दर वेळी. हलला नाही. आता त्याच मानेत गोळी घालायची?”

कोणीतरी मागून म्हणालं की हे सगळं खरं, पण रोग तो रोग.

“बरं,” आत्या म्हणाली. “मग नियमच करू. रक्तात विषाणू असेल तो घोडा मारायचा. मान्य? चिमणी म्हणते हा विषाणू शोधला तर कितीतरी चांगल्या घोड्यांत सापडतो, कोणी शोधत नाही म्हणून सगळे निरोगी. आपण शोधू. तुमच्या सगळ्यांच्या घोड्यांचं रक्त काढू. ज्याचं ज्याचं निघेल तो रांगेत. मास्तर रांगेत पहिला. बोला, कोणाच्या पागेपासून सुरू करू?”

कुंपणावर रेललेले सरळ झाले. एकाला आठवलं की त्याच्या घोडीला नुकताच जुलाब होऊन गेलाय, आत्ता रक्त काढणं बरं नाही. दुसरा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकूनच राहिला. गवतवाला हसला, मोठ्याने, एकटाच.

“माझ्या पागेपासून,” कर्नल म्हणाला.

त्याच्याकडून हे येईल असं आत्यालाही वाटलं नव्हतं.

“मैनेपासून घ्या,” तो म्हणाला. मैना म्हणजे त्याची काळी घोडी, जिच्यावर तो दुसऱ्या कोणाला बसूही देत नसे. “आणि माझ्या पागेत एकही निघाला नाही, तर?”

“तर तुम्ही स्वतः या. ठाणाचं दार मी उघडीन.”

वाट बघण्याचे

दिवस कसेही काढले तरी लांबच असतात. चिमणी पहिल्या दिवशीच आत्यावर चिडली. कितीतरी घोड्यांत सापडतो म्हणजे काही प्रत्येक पागेत सापडतोच असं नाही. कर्नलची पागा स्वच्छ निघाली तर? हे काय बोलून बसलीस?

“दार उघडीन म्हटलं,” आत्या म्हणाली. “बाजूला होईन असं कुठे म्हटलं?”

चिमणी हसली नाही.

आत्याने मास्तरच्या ठाणात स्टूल नेऊन ठेवलं. तिथेच ती भाजी निवडायची, तिथेच लगामाची कातडी शिवायची. हे सगळं करता करता ती त्याला सांगायची: धाकटा आज जेवला नाही. धाकटा आज बोलला नाही. धाकट्याने आज, तुला म्हणून सांगते, तुझी बादली स्वतः भरून आणली आणि मी बघत नाही असं बघून तुझ्या कपाळावर हात फिरवला. मास्तर कान मागेपुढे करायचा. त्याच्या हिरड्या गुलाबी होत्या. ती रोज बघायची, ओठ वर करून, आणि रोज त्या गुलाबीच असायच्या. चिमणीने कितीही समजावलं तरी हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं: ज्याच्यामुळे बाकीचे मेले, त्याला स्वतःला काहीच नाही. त्याच्यावर राग धरावा असं एकदा तिने ठरवूनही पाहिलं. स्टूलावर बसून, त्याच्याकडे पाठ करून. तांबडी आठवली, भिंत रेटणारी. मग मास्तरने मागून तिच्या अंबाड्यातली काडी उपसून खाल्ली. झाडाची डहाळीच होती ती. राग टिकला नाही.

मग तिने मनाशी पक्कं केलं, आणि जो विचारील त्याला ऐकवलंही. चूक माझी आहे, ती मी जन्मभर वागवीन. पण चुकीची किंमत ज्याने चूक केली नाही त्याच्याकडून वसूल करायची असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे.

एक दिवस

उन्हात कर्नल येताना दिसला. पायी. हातात मैनेचा लगाम, मैना मागे. पाठ तशीच ताठ, पण चाल मंद. आत्या उठली, ठाणाचं दार उघडलं, आणि उघड्या दारात मधोमध उभी राहिली.

“बाकीचे स्वच्छ निघाले,” कर्नल म्हणाला. “सगळे.”

आत्याने चौकटीला दोन्ही हात लावले.

“हिचं निघालं,” तो म्हणाला.

मैना मान हलवून माशा उडवत होती. चकचकीत काळी, डोळ्यांत पाणीदार चमक, भूक उत्तम. आत्या पुढे झाली आणि सवयीने तिचा ओठ वर केला. गुलाबी.

“मी कोणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं,” कर्नल म्हणाला. “रक्त काढणाऱ्या आमच्या डॉक्टरला गप्प राहायला सांगितलं असतं. पण तुम्ही माझ्या दारात येऊन चीक मागायच्या आधी ते सगळं सांगितलं होतंत.” तो थांबला. “म्हणून मग मी आज सकाळी संघटनेत उभा राहिलो आणि सांगितलं. तर ते म्हणतात, आता दोघांनाही गोळी घाला.”

“कोण म्हणतात?”

“सगळे. मी म्हणत होतो तेच, त्याच शब्दांत. ऐकायला फार वाईट लागतं हो ते.”

“मग?”

“मग काय? हिच्या अंगाला हात लावायचा तर आधी मला आडवं करावं लागेल.”

“हे वाक्य माझं आहे,” आत्या म्हणाली.

“माहितीये. उसनं घेतलंय.”

धाकटा पागेच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला होता. आत्याने त्याच्याकडे बघितलं. तो आत गेला, मास्तरचं खोगीर घेऊन आला, आणि ते स्वतःच चढवायला लागला. पट्टा ओढताना पुटपुटला की बुडायचंच आहे तर निदान नीट बसून बुडा.

“त्यांनी आपापल्या घोड्यांचं रक्त काढलंय का अजून?” आत्याने कर्नलला विचारलं.

“एकानेही नाही.”

“मग नियम अर्धाच झाला.”

ती मास्तरवर बसली. कर्नल मैनेवर चढला. दोघं गेटमधून बाहेर पडली, मधे एक घोडा मावेल एवढं अंतर ठेवून, कारण चिमणी खिडकीतून ओरडून तेच सांगत होती, आणि दोघांनीही ते ऐकलं. भर दुपार होती. रस्त्यावरची दुकानं उघडी, पागांच्या दारांत माणसं, हौदावर घोडे. मास्तर त्याच्या नेहमीच्या चालीने चालला, शिंगरांना शिकवतो तशा, ना घाई, ना आळस. लोक बघत होते. आत्या मान खाली घालत नव्हती. जो नजर देईल त्याला ती नजर देत होती.

पहिल्या पागेचं फाटक ती जवळ येताना आतून कोणीतरी लोटून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

आत्याने मास्तरला फाटकापासून चार हात लांबच थांबवलं, खाली उतरली, लगाम कर्नलकडे न देता स्वतःच्याच मनगटाला गुंडाळला, आणि चाबकाच्या मुठीने फाटक ठोठावलं.

“रक्त कधी काढू?” तिने विचारलं. ती पुन्हा ठोठावायला लागली.